टायर वाचला, ताण कुठे गेला?

कतारमधील लुसैल सर्किटवर ३० नोव्हेंबर २०२५ रोजी झालेल्या फॉर्म्युला वन शर्यतीचा निकाल सातव्या फेरीतच बराचसा ठरून गेला. निको हुल्केनबर्ग आणि पिअर गॅस्ली यांच्या गाड्यांची धडक झाली, सेफ्टी कार ट्रॅकवर आली आणि जवळजवळ सगळे संघ टायर बदलण्यासाठी पिटमध्ये शिरले. मॅकलॅरनने मात्र आपल्या दोन्ही गाड्या ट्रॅकवरच ठेवल्या. तोपर्यंत आघाडीवर असलेला ऑस्कर पियास्त्री अखेर दुसरा आला, लँडो नॉरिस चौथा आला आणि शर्यत मॅक्स व्हर्स्टॅपनने जिंकली. त्यानंतर आठवड्याभराने अबुधाबीत नॉरिसने जगज्जेतेपद मिळवले खरे, पण व्हर्स्टॅपनपेक्षा अवघे दोन गुण जास्त मिळवून.

या निकालामागे एक साधे गणित होते. टायर पुरवणाऱ्या पिरेली कंपनीने त्या शर्यतीसाठी एक अट घातली होती. टायरचा कोणताही संच २५ पेक्षा जास्त फेऱ्या वापरायचा नाही. शर्यत ५७ फेऱ्यांची, म्हणजे किमान दोनदा टायर बदलणे सगळ्यांनाच भाग. सातवी फेरी संपल्यावर उरतात ५० फेऱ्या, म्हणजे बरोबर पंचवीसचे दोन भाग. सेफ्टी कारमागे सगळ्या गाड्या हळू चालत असल्याने त्या वेळी पिटमध्ये जाण्याने फारसा वेळ वाया जात नाही. ज्यांनी ही संधी साधली, त्यांचा सक्तीच्या दोन थांब्यांपैकी एक स्वस्तात उरकला. मॅकलॅरनला दोन्ही थांबे पूर्ण वेगाच्या शर्यतीत घ्यावे लागले.

डावपेचाची चूक म्हणून या प्रसंगाची भरपूर चर्चा झाली. त्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न त्याच्या मागे आहे. टायर किती फेऱ्या चालवायचा, त्यात हवा किती भरायची, चाक किती कललेले ठेवायचे, गाडी जमिनीपासून किती उंच असावी, हे सगळे आता संघांच्या मर्जीवर राहिलेले नाही. या मर्यादा सुरक्षेसाठी आहेत आणि त्यांची गरज पुन्हा पुन्हा सिद्ध झाली आहे. मात्र गेल्या दशकभराचा अनुभव पाहिला तर मर्यादा घातल्याने ताण नाहीसा होत नाही. तो टायरमधून निघतो आणि गाडीच्या वजनात, तिच्या तळाशी, कधी कधी थेट चालकाच्या शरीरात जाऊन बसतो.

झीज दिसते, थकवा दिसत नाही

गाडी कितीही महाग असो, जमिनीशी तिचा संबंध चार टायरपुरताच असतो. वेग घेणे, ब्रेक लावणे, वळणे ही सगळी कामे त्या चार ठिकाणी रबर आणि डांबर एकमेकांना धरून राहतात म्हणून होतात. रबर हा थोडा स्प्रिंगसारखा आणि थोडा काकवीसारखा पदार्थ आहे. दाबला की त्याचा आकार बदलतो, सोडला की तो पूर्ववत होतो, पण दाबताना घेतलेली सगळी ऊर्जा तो परत करत नाही. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. पकड मिळण्यातही याच गुणाचा वाटा आहे. मऊ रबर रस्त्याच्या खडबडीत कणांभोवती बसते आणि त्यांवरून सुटताना ऊर्जा शोषते. म्हणजे पकड हवी असेल तर उष्णता सोबत येणारच.

या उष्णतेत टायरचे दोन प्रकारे नुकसान होते. पहिला प्रकार झिजण्याचा. रस्त्याला टेकणारा वरचा थर हळूहळू निघून जातो. शर्यतीनंतर ट्रॅकच्या कडेला रबराच्या गोळ्यांचा जो खच दिसतो तो याच झिजेचा. चालकाला हे नुकसान जाणवते. गाडी घसरू लागते, फेरीला लागणारा वेळ वाढतो, आणि पिटमधल्या अभियंत्यांनाही ते आकड्यांत दिसते.

दुसरा प्रकार थकव्याचा. वरच्या थराखाली धाग्यांचा आणि तारांचा सांगाडा असतो. टायरचा जो भाग जमिनीला टेकतो तो क्षणभर चपटा होतो आणि सुटला की पुन्हा गोल होतो. लोखंडी तार ताणून तुटत नाही, पण तीच तार एका जागी वारंवार इकडून तिकडे वाकवली की पटकन तुटते. टायरच्या सांगाड्याचेही तसेच आहे. २०२५ मधील फॉर्म्युला वनच्या टायरचा व्यास ७२० मिलिमीटर होता. ताशी ३०० किलोमीटर वेगाने तो सेकंदाला सुमारे ३७ वेळा फिरतो. लुसैलची एक फेरी ५.४१९ किलोमीटरची आहे. पंचवीस फेऱ्यांत टायर सुमारे साठ हजार वेळा फिरतो आणि त्याचा प्रत्येक भाग तितक्याच वेळा वाकून सरळ होतो. त्यातही लुसैलवर उजवीकडची लांब आणि वेगवान वळणे जास्त असल्याने पुढच्या डाव्या टायरवर सर्वाधिक भार येतो. २०२४ च्या शर्यतीत नेमके हेच टायर झिजेच्या कमाल पातळीपर्यंत पोहोचलेले आढळले होते, आणि २५ फेऱ्यांची अट त्यातूनच आली.

थकव्याची अडचण ही की तो बाहेरून कळत नाही. टायर अगदी शेवटच्या फेरीपर्यंत चांगली पकड देतो आणि मग एका क्षणात फाटतो. वरचा थर पातळ झाला असेल तर आतल्या सांगाड्याला धक्क्यांपासून आडोसाही राहत नाही. त्यामुळे ‘चालकाला जाणवेल तेव्हा तो टायर बदलेल’ हा युक्तिवाद झिजेपुरता खरा आहे, थकव्याच्या बाबतीत तो लागू पडत नाही.

हवा किती, कल किती

टायरमध्ये हवा कमी ठेवली तर त्याचा जास्त भाग जमिनीला टेकतो आणि पकड वाढते. म्हणून प्रत्येक संघाला शक्य तितकी कमी हवा हवी असते. पण हवा कमी म्हणजे टायरची बाजूची भिंत जास्त वाकणार, जास्त तापणार. वेग फार वाढला तर जमिनीवरून सुटलेला भाग पूर्ण गोल होण्याआधीच त्याची टेकण्याची पाळी पुन्हा येते आणि टायरच्या पृष्ठभागावर लाटा उठतात. ही अवस्था टिकली तर टायर फार काळ तग धरत नाही.

चाकाच्या कलाचेही असेच आहे. शर्यतीच्या गाडीची चाके वरच्या बाजूने किंचित आत कललेली असतात. याला कॅम्बर म्हणतात. वळणावर भार बाहेरच्या चाकावर येतो, टायर बाहेरच्या अंगाला दबतो, आणि आधीच दिलेल्या कलामुळे त्याची पूर्ण रुंदी जमिनीला नीट टेकते. वळणात त्याचा फायदा होतो. सरळ रस्त्यावर मात्र तेच टायर आतल्या कडेवर धावते. तेवढ्या अरुंद पट्टीवर सगळा भार येऊन ती कड तापते आणि रबरात फोड येतात.

म्हणून प्रत्येक सर्किटसाठी पिरेली सुरुवातीची किमान हवा आणि कमाल कॅम्बर ठरवून देते. अंश आणि पीएसआयचे हे आकडे ट्रॅकचा पृष्ठभाग, वळणे, वेग आणि हवामान पाहून बदलतात. आज हे बंधन गृहीत धरले जाते, पण ते सहज आलेले नाही.

सल्ला ऐकणारा मागे पडतो

२०११ मध्ये बेल्जियममधील स्पा सर्किटवर रेड बुल संघाने पिरेलीने सुचवलेल्यापेक्षा जास्त कॅम्बर ठेवला. पात्रता फेरीतच पुढच्या टायरना फोड आले. तेव्हा तो केवळ सल्ला होता. सेबॅस्टियन व्हेटेलने ती शर्यत जिंकली, आणि सल्ला न ऐकण्यात फायदा आहे हा धडा सगळ्यांनी घेतला.

दोन वर्षांनी, २०१३ च्या ब्रिटिश शर्यतीत सिल्व्हरस्टोनवर एकामागून एक गाड्यांचे मागचे डावे टायर फुटले. आघाडीवर असलेला लुईस हॅमिल्टनही त्यातून सुटला नाही. मागचे टायर डावे-उजवे अदलाबदल करून लावणे, कमी हवा, टोकाचा कॅम्बर आणि ट्रॅकच्या कडेचे उंचवटे अशी कारणे पिरेलीने मांडली. त्यानंतरच्या जर्मन शर्यतीपासून आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने, म्हणजे एफआयएने, अदलाबदल थांबवली आणि हवा व कॅम्बरच्या मर्यादा पाळायला लावल्या.

फेऱ्यांची मर्यादा मात्र सल्लाच राहिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारताची शर्यत झाली. तेथे मऊ टायर १५ आणि मध्यम टायर ३५ फेऱ्यांपेक्षा जास्त चालवू नये, असे पिरेलीने सुचवले होते. शर्यत ६० फेऱ्यांची होती. रोमाँ ग्रोजाँ सतराव्या क्रमांकावरून निघाला, एकदाच थांबला आणि तिसरा आला. सल्ला तंतोतंत पाळला असता तर एका थांब्यात साठ फेऱ्या पूर्ण होणे शक्यच नव्हते. त्या दिवशी टायर टिकले. पण सल्ला पाळणाऱ्याने वेळ गमवायचा आणि न पाळणाऱ्याने मंचावर उभे राहायचे, हे पुन्हा दिसले.

पुढच्याच महिन्यात पिरेलीने कडक टायरला शर्यतीच्या निम्म्या अंतराची आणि मऊ टायरला ३० टक्के अंतराची सक्तीची मर्यादा घालण्याचा प्रस्ताव दिला. तो मान्य झाला नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये स्पा येथे शर्यत संपायला जेमतेम एक फेरी उरली असताना व्हेटेलचा मागचा उजवा टायर फाटला. तो २८ फेऱ्या वापरलेला होता. प्रस्ताव मान्य झाला असता तर मर्यादा २२ फेऱ्यांची असती, असे कंपनीने निदर्शनास आणून दिले. व्हेटेल अर्थातच चिडला होता. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. टायर तसा फाटायला नको होता, आणि तो तितका चालवला जाऊ नये असे आधी सांगितलेही गेले होते.

ऑगस्ट २०२० मध्ये सिल्व्हरस्टोनवर हेच घडले. सेफ्टी कार लवकर आल्याने बहुतेकांनी तेराव्या फेरीच्या सुमारास कडक टायर लावले आणि उरलेल्या सुमारे चाळीस फेऱ्या त्यांवरच काढायचे ठरवले. शेवटच्या काही फेऱ्यांत वाल्टेरी बोटास, कार्लोस सांझ आणि हॅमिल्टन यांचे पुढचे डावे टायर गेले. हॅमिल्टनने अखेरची फेरी तीन चाकांवर पूर्ण करून शर्यत जिंकली. पाहणाऱ्यांना तो थरार वाटला, पण गाडीत बसलेल्यासाठी ते संकटच होते.

पुढच्या वर्षी बाकूमध्ये लान्स स्ट्रोल आणि व्हर्स्टॅपन यांचे मागचे डावे टायर सरळ रस्त्यावर, ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेग असताना फुटले. तपासात संघांनी सुरुवातीच्या हवेचा नियम पाळल्याचे आढळले. प्रत्यक्ष धावताना टायरमधली स्थिती मात्र अपेक्षेपेक्षा वेगळी होती. हवा तापली की दाब वाढतो आणि थंड झाली की उतरतो. गाडी उभी असताना नियम पाळायचा आणि ती धावू लागली की दाब कमी होऊ द्यायचा, यातली फट तेव्हा उघड झाली. त्यानंतर तपासणी कडक झाली आणि धावत्या गाडीतील दाबावरही लक्ष ठेवले जाऊ लागले.

या सगळ्या घटनांमध्ये कोणी दुष्टपणाने वागले असे नाही. प्रत्येक संघाला धोका ठाऊक होता. पण एकट्याने सावध राहणे म्हणजे हरणे. सगळ्यांना सारखीच अट असेल तरच सावधपणा परवडतो, आणि ती अट स्पर्धेबाहेरच्या कोणीतरी घालावी लागते.

भार सरकतो कुठे?

अट घातली की अभियंते थांबत नाहीत. ते पुढची मोकळी जागा शोधतात, आणि तेथे नव्या मर्यादेशी गाठ पडते.

जुलै २०२४ मध्ये स्पा येथे जॉर्ज रसेलने एकच थांबा घेऊन शर्यत जिंकली. नंतर गाडीतले इंधन काढून वजन केले तेव्हा ते ७९६.५ किलो भरले. किमान वजन ७९८ किलो असायला हवे होते. दीड किलोसाठी त्याचा विजय रद्द झाला. जुन्या टायरवर लांब पल्ला काढला की रबर झिजते, आणि चार टायरचे मिळून वजन लक्षात येण्याइतके घटते. एरवी शर्यत संपल्यावर चालक मुद्दाम ट्रॅकच्या कडेने गाडी चालवून पडलेले रबर टायरला चिकटवून घेतात. स्पा येथे शर्यतीनंतर पूर्ण फेरी मारली जात नसल्याने तीही सोय नव्हती. मार्च २०२५ मध्ये चीनमध्ये चार्ल्स लेक्लर्कची गाडी ८०० किलोऐवजी ७९९ किलो भरली आणि तोही बाद झाला. एकाच थांब्यामुळे टायर फार झिजले, असे त्याच्या फेरारी संघाने सांगितले. गाडी किमान वजनाच्या अगदी काठावर आणायची आणि टायरही शेवटपर्यंत ताणायचे, या दोन्ही गोष्टींचा हिशेब एकाच तराजूवर येतो हे संघांना असे कळले.

दुसरी जागा गाडीच्या तळाची. १९९४ मध्ये इमोला येथे आयर्टन सेनाचा मृत्यू झाल्यानंतर त्याच वर्षी गाड्यांच्या तळाशी एक फळी बसवण्याची सक्ती झाली. गाडी जमिनीला फार घासत असेल तर फळी झिजते आणि चोरी पकडली जाते. आज नवी फळी दहा मिलिमीटर जाडीची असते आणि शर्यतीनंतर ती नऊ मिलिमीटरच्या खाली गेलेली चालत नाही. गाडी जितकी जमिनीलगत, तितका तिच्याखालून जाणारा वारा तिला खाली ओढतो आणि टायरना पकड मिळते. हा मोह सुटत नाही. चीनमधील त्याच शर्यतीत हॅमिल्टन फळीच्या झिजेमुळे बाद झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये लास व्हेगासला नॉरिस आणि पियास्त्री हे मॅकलॅरनचे दोघेही याच कारणाने बाद ठरले. नॉरिसची फळी मर्यादेपेक्षा जेमतेम दशांश मिलिमीटरने कमी भरली होती. कतारची शर्यत त्यानंतरची, आणि तेथे गमावलेले गुण इतके महागात का पडले असते, हे यावरून लक्षात येते.

शेवटचा भार शरीरावर

वजन आणि फळी यांचा निवाडा काट्यावर आणि मोजपट्टीवर होतो. शरीराच्या बाबतीत तसे नाही.

२०२२ मध्ये नव्या नियमांच्या गाड्या आल्या. त्यांची पकड मुख्यतः तळाखालच्या वाऱ्यावर अवलंबून होती. त्यासाठी गाडी खाली आणि सस्पेन्शन अतिशय ताठ ठेवावे लागे. परिणाम असा झाला की सरळ रस्त्यावर गाड्या उसळू लागल्या. ताठ सस्पेन्शन धक्का पचवत नाही. तो टायरच्या रबरातून आसनात आणि आसनातून पाठीच्या कण्यात जातो. बाकूच्या शर्यतीनंतर हॅमिल्टन गाडीतून उतरताना कंबर धरून होता, हे दृश्य जगभर दिसले. कण्यातील मणक्यांमधल्या चकत्या एखादा मोठा धक्का सहन करू शकतात, पण बारीक धक्क्यांचा दीर्घ मारा त्यांना थकवतो. ट्रक आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्यांच्या पाठदुखीमागेही असे सततचे हादरे असतात. डॉक्टरांशी सल्लामसलत करून महासंघाने उसळण्यावर मोजता येणारी मर्यादा घातली आणि पुढच्या वर्षी गाड्यांच्या तळाच्या कडा १५ मिलिमीटर उंच करायला लावल्या. गाडी थोडी उंच केली तर त्रास थांबला असता, हे संघांना माहीत होते. पण तो निर्णय घेणारे पिटच्या भिंतीपाशी बसलेले असतात, आणि हादरे बसतात ते गाडीतल्या माणसाला.

सगळ्यात बोलके उदाहरण पुन्हा लुसैलचेच आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तेथे शुक्रवारच्या सरावानंतर टायर तपासले तेव्हा त्यांच्या बाजूच्या भिंतीत थर सुटू लागल्याचे दिसले. ट्रॅकच्या कडेच्या टोकदार उंचवट्यांवरून गाड्या फार वेगाने जात होत्या. महासंघाने काही वळणांवरची ट्रॅकची हद्द आत घेतली आणि टायरच्या संचाला १८ फेऱ्यांची मर्यादा घातली. सत्तावन्न फेऱ्यांसाठी किमान तीन थांबे सक्तीचे झाले.

टायर वाचले, पण त्याचा एक परिणाम फारसा कोणी धरला नव्हता. एरवी चालक टायर जपण्यासाठी बराच वेळ थोडे हात राखून गाडी चालवतात. त्या काळात हृदयाचे ठोके किंचित उतरतात, श्वास सावरतो. अठरा फेऱ्यांसाठी टायर जपण्याची गरजच नव्हती. त्यामुळे प्रत्येकाने जवळजवळ प्रत्येक फेरी पूर्ण ताकदीने मारली. रात्रीची शर्यत असूनही तापमान तीस अंशांच्या वर होते आणि हवा दमट होती. चालकाच्या अंगावर आगरोधक कपड्यांचे थर, डोक्यावर हेल्मेट, पाठीमागे तापलेले इंजिन. शरीराला थंड व्हायचे तर घाम वाळावा लागतो, आणि दमट हवेत, बंद कपड्यांत तो वाळत नाही. घामावाटे पाणी जात राहते, रक्ताचे प्रमाण घटते, त्वचेकडे आणि स्नायूंकडे रक्त पाठवता पाठवता हृदयाची तारांबळ होते आणि मेंदूला रक्त कमी पडू लागते. अशा वेळी वेगवान वळणावर मान आणि छाती यांच्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर येत असतो.

लोगन सार्जंटला शर्यत अर्धवट सोडावी लागली. एस्तेबान ओकॉनला हेल्मेटमध्येच उलटी झाली. वेगवान वळणांवर आपली शुद्ध हरपत होती, असे स्ट्रोलने सांगितले. अलेक्झांडर अल्बनवर उष्णतेच्या त्रासासाठी वैद्यकीय कक्षात उपचार करावे लागले. ताशी २५० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीत चालकाची शुद्ध जाणे हे टायर फुटण्याइतकेच धोकादायक आहे.

या प्रसंगानंतर महासंघाने उष्णतेचा नियम आणला. २०२५ पासून, शर्यतीच्या वेळी उष्मा निर्देशांक ३१ अंशांच्या वर जाईल असा अंदाज असेल तर ‘उष्णतेचा धोका’ जाहीर होतो आणि गाडीत चालकाला थंडावा देणारी यंत्रणा बसवावी लागते. तिच्यासाठी किमान वजनात सवलतीचे जास्तीचे वजन धरले जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये सिंगापूरला तो पहिल्यांदा जाहीर झाला. अंगात गार द्रव फिरवणारे जाकीट घालायचे की नाही हे २०२५ मध्ये चालकांवर सोडलेले होते, कारण काहींना ते टोचत होते.

मर्यादा कोणी ठरवायची?

फेऱ्यांच्या मर्यादेवर आक्षेप घेणारे म्हणतात की टायर सांभाळणे हे चालकाचे कसब आहे आणि मर्यादेने त्याची किंमत शून्य होते. कतारमध्ये सगळ्यांचे डावपेच एकसारखे झाले हे खरेच आहे. कसब उपयोगी पडायचे तर फरक दिसायला हवा, हेही मान्य.

पण मर्यादा नाकारली तर काय होते, त्याचेही उदाहरण आहे. २००५ मध्ये इंडियानापोलिस येथे मिशेलिन कंपनीचे टायर तेथील कललेल्या वेगवान वळणावर टिकणार नाहीत, हे सरावातच लक्षात आले. त्या वर्षी शर्यतीत टायर बदलायला बंदी होती. वळणाआधी गाड्यांचा वेग कमी करणारा अडथळा घालण्याची मागणी महासंघाने फेटाळली. परिणामी मिशेलिन वापरणाऱ्या १४ गाड्या पूर्वफेरीनंतर पिटमध्ये परतल्या आणि हजारो प्रेक्षकांसमोर फक्त सहा गाड्यांची शर्यत झाली. त्या दिवशी नियम टिकला, शर्यत मात्र उरली नाही.

या दोन टोकांमधला मार्ग आकड्यांच्या आधारानेच सापडेल. आज टायरचा दाब, तापमान आणि झीज जवळजवळ क्षणाक्षणाला मोजली जाते. चालकाच्या शरीराचे तापमान, त्याने गमावलेले पाणी, त्याच्या कण्याने सोसलेले धक्के यांची नोंद तितक्याच काटेकोरपणे होत नाही. टायरला किती फेऱ्या झेपतील हे ठरवताना, त्या फेऱ्या पूर्ण ताकदीने मारणाऱ्या माणसाला किती झेपेल हाही आकडा शेजारी असायला हवा. २०२६ पासून गाड्या हलक्या होत आहेत, त्यांचे किमान वजन ७६८ किलोवर येत आहे. टायरही अरुंद होत आहेत, पुढचे २५ आणि मागचे ३० मिलिमीटरने. तळाखालच्या वाऱ्यावरचे अवलंबित्व कमी केले आहे, त्यामुळे पाठीला थोडा आराम मिळावा. पण अरुंद टायरच्या कमी रबराला जास्त काम करावे लागले तर हवा, कॅम्बर आणि फेऱ्यांचे आकडे पुन्हा नव्याने मांडावे लागतील.

आपल्या गाडीचे टायर

शर्यतीचे हे शास्त्र रस्त्यावरच्या गाडीलाही जसेच्या तसे लागू आहे. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या येऊ लागल्या, आणि प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासण्याची मोहीम परिवहन विभागाला घ्यावी लागली. शहरात तासाला तीस-चाळीसच्या वेगाने वर्षानुवर्षे चाललेला टायर अचानक भर उन्हात तासन् तास शंभरच्या पुढे पळवला जातो. त्यात हवा कमी असेल आणि गाडीत माणसे व सामान ठासून भरलेले असेल, तर बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते आणि आतला सांगाडा तापत जातो.

यावरचे उपाय घरगुती आहेत. हवा गाडी थंड असताना, निघण्यापूर्वी तपासावी. पल्ला कापून तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो म्हणून त्यातली हवा सोडणे चुकीचे, कारण थंड झाल्यावर ती कमी पडते. किती हवा भरायची याचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतो, आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी तो बहुधा वेगळा दिलेला असतो. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की तो बदलायचा. खोबणीतल्या छोट्या उंचवट्यांपर्यंत झीज आली की ती वेळ झाली असे समजावे. टायर फक्त आतल्या किंवा बाहेरच्या कडेने झिजत असेल तर अलाइनमेंट तपासून घ्यावी. बाजूच्या भिंतीवर फुगवटा दिसला तर नक्षी कितीही चांगली असली तरी तो टायर गेला, कारण आतला सांगाडा तुटलेला असतो.

शर्यतीत निदान कंपनी, महासंघ आणि संघाचे अभियंते टायरवर डोळे लावून बसलेले असतात. आपल्या गाडीसाठी फेऱ्यांची मर्यादा घालणारे कोणी नाही. लांबच्या प्रवासाला निघताना पेट्रोल पंपावरची ती पाच मिनिटे ज्याची त्यानेच काढावी लागतात, आणि दर दोन तासांनी गाडी थांबवून टायरबरोबर स्वतःलाही थंड होऊ द्यावे लागते.